दिल्लीमार्गे सॅन फ्रान्सिस्को : वाट वाकडी होते का?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. माझी ताई सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिला बाळ होणार आहे, म्हणून आई आणि अण्णा तिच्याकडे निघालेत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. अण्णांचं उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, सोलापूर सोडून लांब म्हणजे तिरुपतीपर्यंत. आईचे गुडघे दुखतात, अण्णांना शुगर आहे. त्यामुळे दोघांना कमीत कमी अंतर पडावं एवढीच माझी इच्छा.

सोलापूरहून मुंबई, आणि मुंबईहून पुढे तीन पर्याय समोर आलेत : दिल्लीमार्गे, फ्रँकफर्टमार्गे, सिंगापूरमार्गे. पैशांत फार फरक नाही. अण्णांचं म्हणणं, "अमेरिका पश्चिमेला. मग आधी वर दिल्लीला कशाला जायचं? कुर्डुवाडीला जायचं म्हणून अक्कलकोटची गाडी धरायची का?" तिकीट काढून देणाऱ्या एका एजंटानेही तेच सांगितलं, दिल्लीला गेलात की दोन हजार किलोमीटर फुकट वाढतील. फ्रँकफर्ट नकाशावर बरोबर वाटेत दिसतं, तेच घ्या म्हणाला.

मी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर शोधलं तर एका ठिकाणी ८,३९५ आलं, दुसरीकडे ७,२९५ आणि तिसरीकडे १३,५११. आता यातलं खरं कोणतं? घरात भिंतीवर जगाचा नकाशा आहे, त्यावर पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. या विषयातल्या जाणकारांनी नीट सांगावं. अण्णांना समजेल असं सांगितलं तर फार उपकार होतील, कारण त्यांना पटल्याशिवाय तिकीट निघणार नाही.

सातरस्ता

आईअण्णांना शुभेच्छा. मुंबईहून थेट मिळत असेल तर बघा, मधे उतरायला नको.

भूगोलबाई

होटगीरोडकर, तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत. १३,५११ हे किलोमीटर, ८,३९५ हे साधे मैल आणि ७,२९५ हे नॉटिकल मैल. विमानं आणि जहाजं नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा आकडा असाच ठरवलेला नाही. उत्तर-दक्षिण दिशेत अक्षांशाचा एक अंश घ्या, त्याचे साठ भाग करा, त्यातला एक भाग साधारण एवढा भरतो. त्यामुळे दोन ठिकाणांमधला कोन कळला की अंतर आपोआप हाती येतं. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे १२१.५ अंशांचा कोन होतो. त्याला साठने गुणून बघा.

कुठे १३,५११ ऐवजी दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसले तरी घाबरू नका. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर एक उत्तर येतं. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे हे धरलं (विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७) तर थोडं वेगळं.

आता तुमचा भिंतीवरचा नकाशा. बहुतेक शाळांमधून टांगलेला असतो तोच असेल, मर्केटरच्या पद्धतीचा. मर्केटरने तो १५६९ साली दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राचा काटा एकाच कोनावर धरून जहाज चालवलं तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते, हा त्याचा मोठा गुण. पण ती सरळ रेघ सर्वांत जवळची वाट नसते. शिवाय उत्तरेकडचे प्रदेश त्यावर अवाढव्य ताणले जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.

तुम्ही पट्टी लावून जी रेघ मारलीत ना, अरबस्तान आणि अटलांटिकवरून, ती वाट सुमारे १९,१०० किमी भरते. नकाशा प्रशांत महासागर मध्ये धरून छापला असता आणि पूर्वेकडून रेघ मारली असती तरी १६,१५० किमी. आणि खरी जवळची वाट १३,५११. साडेपाच हजार किलोमीटरचा फरक निव्वळ कागद सपाट असल्यामुळे पडलाय.

ताणाबाणा

होटगीरोडकर, तुमचे अण्णा मागावर होते म्हणालात, म्हणून लिहितो. मीही सोलापूरच्या पूर्व भागातलाच, घरी चार माग होते. अण्णांना गणित सांगू नका. त्यांच्या हातात पृथ्वीचा गोल द्या आणि कांडीवरचं सूत द्या. एक टोक मुंबईवर धरायला सांगा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि म्हणावं आता ढिलं ठेवू नका, ताणा. सूत ताणलं की ते आपली वाट आपण शोधतं. बीम भरताना, म्हणजे मागाच्या रुळावर ताणा गुंडाळताना, धागा ढिला राहिला तर किती लांबी वाया जाते हे मागवाल्याला सांगावं लागत नाही. गोलावरही तेच. ताणलेलं सूत जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट.

ते अरबस्तानावरून जाणार नाही. वर सरकेल. कुठपर्यंत सरकतं ते त्यांनाच बघू द्या.

मोजायचं कसं : आधी तेच सूत विषुववृत्तावरून एक फेरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. तो फेरा ४०,०७५ किमीचा. मग एका सेंटिमीटरला किती किलोमीटर पडतात ते निघेल.

भूगोलबाई

ताणाबाणा, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मी २७ वर्षं शिकवलं, पण बृहद्‌वृत्त ही संकल्पना मुलांना फळ्यावर सांगून कधी नीट कळली नाही. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्‌वृत्त, ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सुताने कळेल.

यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात या प्रश्नाचं मूळ सांगून ठेवलंय. पृथ्वी गोल आहे तर ती सपाट का दिसते, असं लोक विचारायचे. त्यांचं उत्तर असं, की कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी अफाट, माणूस लहान, म्हणून त्याला दिसतो तेवढा तुकडा सपाट.

आता हे सोलापूरला लावून बघा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी. त्याचा शंभरावा भाग ४०० किमी. आपल्या होटगी रोडच्या विमानतळापासून मुंबई विमानतळ हवाई अंतराने सुमारे ३६२ किमी. म्हणजे भास्कराचार्यांच्या मापात जवळजवळ बसतंच! सोलापूर-मुंबई एवढ्या अंतरात नकाशावर पट्टी लावा किंवा गोलावर सूत धरा, काही फरक पडत नाही. जमिनीच्या पोटातून सरळ बोगदा खणला तरी ३६२ किलोमीटरांत जेमतेम ५० मीटर वाचतील. पण सॅन फ्रान्सिस्को म्हणजे परिघाचा तिसरा हिस्सा. तिथे बोगदा खणला तर तो ११,१०० किमीचा होईल, वरची वाट साडेतेरा हजारांची. अण्णांची कुर्डुवाडी-अक्कलकोटची तुलना कुर्डुवाडीपुरती अगदी बरोबर आहे. माणूस आपल्या चालीतल्या अंतरावरून शिकतो, आणि आपल्या चालीतलं अंतर शंभराव्या भागाच्या आत असतं.

विजापूरवेस

बाई, हे कधी कोणी असं सांगितलंच नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं.

रात्रपाळी

मी मूळचा सोलापूरचा, जुळे सोलापुरात घर. सध्या मुंबईत विमानांच्या मार्गआखणीशी संबंधित काम करतो, कंपनीचं नाव नको. अंतराचं सोपं उत्तर आधी देतो, मग थोडं लांबण लावतो.

सगळी अंतरं एकाच पद्धतीने, पृथ्वी गोल धरून :

मुंबई ते दिल्ली १,१३८ आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८१. बेरीज १३,५१९.
मुंबई ते फ्रँकफर्ट ६,५६९ आणि तिथून पुढे ९,१४९. बेरीज १५,७१८.
मुंबई ते सिंगापूर ३,९२१ आणि तिथून पुढे १३,५८१. बेरीज १७,५०२.

थेट अंतर १३,५११. म्हणजे दिल्लीला थांबून गेलं तर जादा पडणारं अंतर आठ किलोमीटर. दोन हजार नाही, आठ. सात रस्त्यापासून होटगी रोडच्या विमानतळाला जाऊन परत येण्याएवढंही धड नाही. उलट नकाशावर 'बरोबर वाटेत' असलेलं फ्रँकफर्ट बावीसशे किलोमीटरने लांब पडतं.

कारण जवळची वाट मुंबईतून निघताना पश्चिमेला तोंड करतच नाही. ती जवळजवळ उत्तरेला निघते, किंचित पूर्वेकडे कललेली, १४ अंशांनी. जयपूरच्या थोडं पश्चिमेकडून, मग लडाख, शिनजियांग, अख्खा सायबेरिया, आर्क्टिक समुद्रात ७६ अंश उत्तरेच्याही वर, तिथून खाली वळून अलास्काचं उत्तर टोक, कॅनडाचा युकॉन, व्हँकुव्हर बेटाजवळून सॅन फ्रान्सिस्को. दिल्ली या रेषेपासून जेमतेम १४५ किमी पूर्वेला आहे. साडेतेरा हजार किलोमीटरच्या धाग्याला मधे कुठेतरी १४५ किमी बाजूला ओढलं तर लांबी किती वाढणार? एवढीच, आठ.

आणखी एक. सोलापूर विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को किती? १३,५८० किमी. मुंबईपेक्षा फक्त सत्तरने जास्त, जरी आपण मुंबईच्या ३६२ किमी आत असलो तरी. आणि सिंगापूरपासून सॅन फ्रान्सिस्को १३,५८१. म्हणजे सोलापूर आणि सिंगापूर दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोपासून सारखीच लांब. मुंबईहून सिंगापूरला जाऊन तुम्ही चार हजार किलोमीटर उडता आणि सोलापूर स्टेशनवर उभं असताना जेवढे लांब होतात तेवढेच लांब राहता.

सातरस्ता

बाप रे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

कंबरतलाव

रात्रपाळी दादा, एक शंका आहे. मी फ्लाइटच्या अॅपवर बघतो तेव्हा अमेरिकेची विमानं कधी लडाखवरून सरळ वर जाताना दिसत नाहीत. कधी पश्चिमेकडून वळसा घालतात, कधी जपानकडून. मग ही सुताची वाट नुसती कागदावरच का?

रात्रपाळी

चांगला प्रश्न. आमचं निम्मं काम याच प्रश्नाचं आहे.

सुताची वाट म्हणजे कमीत कमी किती, याची मर्यादा. त्याखाली कोणी जाऊ शकत नाही. त्यावर किती वाढेल ते चार गोष्टी ठरवतात.

पहिली, तिबेट. विमानात हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे साधारण तीन हजार मीटरपर्यंत, लगेच खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून त्या भागावरून मोजक्याच ठरावीक मार्गांनी जाता येतं, आणि बहुतेक जण तो भाग टाळतात.

दुसरी, आकाशाच्या सरहद्दी. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानांना तेव्हापासून गुजरात-अरबी समुद्राकडून वळसा पडतो. तो वळसा वेळ खातो, इंधन खातो, आणि इंधन वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की मधे कुठेतरी उतरून टाकी भरावी लागते.

तिसरी, खाली उतरायला जागा. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर ठरलेल्या वेळात कुठल्यातरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, म्हणून आधीच तशी ठिकाणं वाटेत नेमून ठेवावी लागतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरलं, आठवत असेल. दोनशेच्या वर माणसं होती, सगळी सुखरूप. त्या ओसाड भागात उतरायला धावपट्टी असणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कळतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. वारा. एवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार प्रवाह वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांतवरून नेलं. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किमी होती, प्रशांतची १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त. तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! कारण वारा पाठीशी होता. पंढरीच्या वाटेवर चाललेल्याला विचारा, कोणता दिवस जड गेला. किलोमीटर मोजून तो सांगणार नाही, समोरून वारा-पाऊस होता तो दिवस सांगेल.

कंबरतलाव

१५,३०० भागिले १२,३८१ केलं तर १.२४ येतं. आता आपल्या रेल्वेचं करून बघितलं. सोलापूर ते मुंबई रेल्वेने ४५५ किमी, हवाई ३६२. भागिले केलं तर १.२६. म्हणजे कुर्डुवाडी, दौंड, पुणे, खंडाळ्याचा घाट असं वळसे घेत जाणारी आपली गाडी आणि प्रशांतवरून गेलेलं ते विमान, दोघांची वाट सारख्याच प्रमाणात वाकडी आहे. आकाश मोकळं असतं अशी माझी समजूत होती.

रात्रपाळी

हे गुणोत्तर मी स्वतः कधी काढून बघितलं नव्हतं. उद्या ऑफिसात सांगतो.

ताणाबाणा

+१. आकाशातही रूळ असतात म्हणायचे.

गड्डाप्रेमी

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सनीव्हेलला असतो, घर सोलापूरच्या बाळीवेशीत. होटगीरोडकर, तुमच्या आईअण्णांसाठी अंतरापेक्षा तारखेचं सांगतो, कारण पहिल्या खेपेला माझ्या आईचा गोंधळ झाला होता. इथे हिवाळ्यात घड्याळ सोलापूरच्या साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. जाताना दिवस लांबतो. रात्री मुंबईतून निघालात तर सोळा-सतरा तास उडूनही इथे त्याच रात्रीनंतरची पहाट असते. आईची त्या दिवशी एकादशी होती. तिने उपवास धरला आणि तो संपेचना, कारण एकादशीच संपेना. मी इथल्या वेळेने सोडायला सांगितलं तरी तिला पटलं नाही, शेवटी सोलापूरला मामीला फोन करून, तिथे द्वादशीचा सूर्य उगवलाय हे ऐकल्यावरच तिने पाणी घेतलं. शुगर असेल तर अण्णांच्या गोळ्यांचं असंच होईल. कोणती गोळी कोणत्या घड्याळाने, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

परत येताना उलटं, एक तारीख हातातून निसटते. दरवर्षी गड्ड्याला, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, यायचं म्हणून मी हे पाठ केलंय. १३ जानेवारीला तैलाभिषेक, १४ ला अक्षता. इथून ११ च्या रात्री नऊला निघालो तर सोळा तासांचं थेट विमान धरूनही भारतात १३ च्या पहाटे अडीच वाजतात. १२ तारीख मला मिळतच नाही. आधी मुंबई-सोलापूर रेल्वेने यायचं म्हणजे १३ ची संध्याकाळ व्हायची, मिरवणुकीचे नंदीध्वज निघालेले असायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा पहिला हिशेब मी हाच केला, की आता अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर कुठेतरी मिरवणुकीला गाठता येईल.

विजापूरवेस

हर बोला हर! गड्डाप्रेमी, या वेळी दिसलात तर हाक मारा.

सोलापूरच्या विमानतळाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. ९ जून २०२५ ला गोव्याचं पहिलं विमान उडालं तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो होतो. त्याआधी विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून गावात किती वर्षं भांडणं चालली, जून २०२३ मध्ये ती पाडली तेव्हा कितीजणांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कितीजण आनंदात होते, हे बाहेरच्यांना कळणार नाही. ऊस घालणाऱ्याच्या घरातली मी. दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या. विमान वर गेलं तेव्हा मला एवढंच वाटलं की आता याचा उपयोग सगळ्यांना व्हावा. होटगीरोडकरांच्या आईसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला मुंबईपर्यंत रात्रभर गाडीत बसावं लागू नये, हा तो उपयोग.

कंबरतलाव

अगदी मनातलं लिहिलंत ताई.

रात्रपाळी दादा, जगात सर्वांत लांबचं न थांबता जाणारं विमान कोणतं मग?

रात्रपाळी

सध्या नेहमी चालणाऱ्यांत सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किमीच्या थोडं वर. अठरा तासांहून जास्त. पर्थ-लंडन सुमारे साडेचौदा हजार, मार्च २०१८ पासून. आपल्याकडे २०२१ मध्ये सुरू झालेलं बेंगळुरू-सॅन फ्रान्सिस्को १३,९९३. ते ९ जानेवारी २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून पहिल्यांदा निघालं तेव्हा कॉकपिटमध्ये सगळ्या महिला होत्या, कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख, आणि उत्तर ध्रुवावरून आणलं त्यांनी. पृथ्वीवर दोन ठिकाणांमधलं जास्तीत जास्त अंतर वीस हजार किमी, अर्धा परीघ. त्याहून लांब काही असूच शकत नाही.

भूगोलबाई

सोलापूरपासून बरोबर वीस हजारांवर काय आहे ते सांगते, मुलं नेहमी विचारायची. आपल्या पायाखाली सरळ पलीकडे निघालं तर प्रशांत महासागर लागतो, १७ अंश दक्षिण आणि १०४ अंश पश्चिम. जमिनीचा ठिपका नाही. माणसांची वस्ती असलेलं त्यातल्या त्यात जवळचं ठिकाण ईस्टर बेट, तेही तिथून हजार किलोमीटरच्या वर दक्षिणेला.

होटगीरोडकर

मंडळी, कोणत्या शब्दांत आभार मानू कळत नाही. काल रात्री घरात जे झालं ते सांगतो.

पुतणीच्या शाळेच्या दप्तरातला पृथ्वीचा गोल घेतला. अण्णांनी माळ्यावरून जुन्या कांड्यांचा डबा काढला, त्यात वीस नंबरचं पांढरं सूत होतं. आधी विषुववृत्ताचा फेरा मोजला, ६४ सेंटिमीटर. मग एका सेंटिमीटरला ६२६.२ किलोमीटर असा हिशेब पुतणीने मांडला. मी मुंबईवर बोट ठेवलं, पुतणीने सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि सूत अण्णांनी ताणलं.

पहिल्यांदा ते सवयीने अरबस्तानाकडून नेऊ लागले. सूत ढिलं पडलं. वर सरकवलं, अजून ढिलं. रशियावर नेलं तरी ढिलं. अण्णा काही बोलत नव्हते, फक्त अंगठ्याने सूत वर सरकवत होते, मागावर तुटलेला धागा सांधताना करायचे तसं. आर्क्टिकच्या समुद्रात गेल्यावर सूत कडक झालं. त्यांनी नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "आता बसलं."

मोजलं तर साडेएकवीस सेंटिमीटर. पुतणीने गुणलं, १३,४६३. म्हणजे खऱ्या आकड्याच्या पन्नास किलोमीटर आत, एका कांडीच्या सुताने!

मग अण्णा गोलाजवळ वाकले आणि दिल्ली शोधली. सुतापासून दोन-अडीच मिलिमीटरवर. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "दिल्ली वाटेतच आहे की. मी कागदाला विचारत बसलो होतो."

आज दिल्लीमार्गे तिकीट काढलं. रात्रपाळी दादांनी आकाश बंद असण्याचं लिहिलं होतं म्हणून पुढच्या विमानाला मधे कुठे उतरावं लागतं का, तेही विचारून घेतलं. दोघांसाठी व्हीलचेअर नोंदवली. गोळ्यांचा कागद डॉक्टरांकडून उद्या आणतोय.

आता आईचा एक प्रश्न आहे, तो मला सोडवता आला नाही. ती रोज संध्याकाळी दिवा लावला की सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडते. आमच्या घरून ते वायव्येला येतं. ती विचारते, ताईच्या घरून तोंड कुठे करायचं? मी पश्चिमेला म्हणालो, मग पूर्वेला म्हणालो, मग गप्प बसलो. रात्रपाळी दादा किंवा बाई, सांगाल का?

भूगोलबाई

किती सुंदर प्रश्न विचारलाय तुमच्या आईंनी.

रात्रपाळी

काकूंना सांगा, ना पूर्वेला ना पश्चिमेला. उत्तरेला. ज्या सुताने अण्णांनी वाट काढली त्याचंच दुसरं टोक बघा, सॅन फ्रान्सिस्कोपाशी ते वरच्या बाजूला निघतं. उत्तरेपासून डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला, २१ अंश.

अंश मोजायला काही लागत नाही. अंधार पडल्यावर ध्रुवतारा शोधायचा. तिथे तो आपल्या सोलापूरपेक्षा दुप्पट उंच दिसेल, कारण ते गाव ३७ अंशांवर आहे आणि आपण १७ वर. त्याच्या बरोबर खाली क्षितिजावर बघायचं. हात समोर लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. तिथून डावीकडे दोन मुठी. त्या बाजूला हात जोडायचे.

होटगीरोडकर

आई आत्ता गच्चीवर जाऊन मूठ धरून बघतेय.